बोल्डरचं ऊन

मी घरांची चित्रं करतो, घर उभं राहायच्या आधीची. आर्किटेक्टकडून स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं घराचं मॉडेल येतं आणि मी त्याचं चित्र करून देतो. बेळगावात टिळकवाडीत माडीवरची एक खोली, दोन स्क्रीन आणि एक जुना ड्रॉइंग बोर्ड, एवढंच माझं ऑफिस. बहुतेकांना फोटोसारखं चित्र हवं असतं: काचेत आभाळ, हिरवळीवर एक बाई आणि दारात गाडी. गाडी कायम पांढरी.

गेल्या वर्षी जानेवारीत खानापूर तालुक्यातल्या एका घराचं काम आलं. जांभ्याच्या भिंती, खानापूरची कौलं, पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परसू. तिघा भावांचं घर. थोरले गावातच असतात, मधले बेळगावात, धाकटे पुण्यात. पाडून स्लॅब टाकायचा की भिंती राखून कौलं नवी करायची, यावर दोन वर्षं अडलेलं. आर्किटेक्टचा कल राखण्याकडं, आणि माझ्याकडून त्यांना याच पर्यायाचं चित्र हवं होतं. मी रीतसर वी-रे या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केलं, म्हणजे मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढून घेतलं. दोन रात्री मशीन चालू होतं. चित्र झकास आलं असं मलाच वाटत होतं.

ते बघून तिघेही गप्प. मग धाकटे म्हणाले, "म्हणजे ठरवूनच आलाय की तुम्ही." मधल्यांनी खांबावरच्या दिव्याची किंमत विचारली. वीस मिनिटं त्या दिव्यावर गेली. तो दिवा मी सॉफ्टवेअरच्या तयार वस्तूंच्या लायब्ररीतून उचलून ठेवलेला, दुकानात मिळतो की नाही तेही मला माहीत नव्हतं. आतल्या दारात बसलेल्या त्यांच्या आई, सगळे त्यांना अव्वा म्हणतात, एकदाच बोलल्या : "कुणाचं हाटेल हे?"

परतताना जांबोटी रोडवर गाडीत आर्किटेक्ट म्हणाले, "रंगवलेलं द्या. हातानं काढल्यासारखं." मला तेच हवं होतं. या धंद्यात पडण्याआधी मी जलरंग शिकलोय. बेळगावात चित्रकला शिकलेल्या माणसाची वंशावळ हिंडून फिरून चित्रकार के. बी. कुलकर्णींपाशी जातेच. माझे सर त्यांच्या हाताखाली शिकलेले. "कागद राख," एवढं एकच वाक्य ते वर्षभर म्हणायचे. जिथं ऊन पडतं तिथं रंग लावायचाच नाही, पांढरा कागद म्हणजेच ऊन.

फोटोशॉपमध्ये फिल्टर मारला की झालं जलरंग, असं लोकांना वाटतं. फिल्टर सगळीकडं सारखाच ओघळतो. दाराची कडी आणि आभाळ त्याला एकच. माझी रीत वेगळी. मॉडेलमधून एकेक थर सुटा काढतो. एकात नुसत्या रेषा, एकात नुसत्या सावल्या. एक कोपऱ्याकोपऱ्यांतल्या काळोखाचा. एक खोलीचा, म्हणजे अंतराचा, जवळचं पांढरं आणि लांबचं काळं दाखवणारा करडा पट. आणि एक मटेरियलचा, ज्यात जांभा भडक लाल, कौलं निळी, लाकूड हिरवं, म्हणजे नंतर जे हवं तेवढंच निवडता येतं. पूर्वी पिरानेसी नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, अठराव्या शतकातल्या इटालियन मुद्राचित्रकाराच्या नावाचं. ते प्रत्येक पिक्सेलमागं रंगाबरोबर खोली आणि मटेरियलही साठवायचं. लांबच्या झाडावर ब्रश फिरवला तर तो आपोआप बारीक व्हायचा. आता तेच थर थर रचून स्वतः करावं लागतं.

रंग मात्र खरा. 300 जीएसएमच्या जाड, खरबरीत कागदावर मी वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेला रंग, टाकून वाळवतो, स्कॅन करतो आणि फोटोशॉपमध्ये मल्टिप्लायवर ठेवतो, म्हणजे खालचं चित्र त्यातून दिसत राहतं. सावलीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. ओल्या कागदावर दोन्ही सोडले की निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, तांबडा कडेला सरकतो, आणि मध्ये जो करडा उरतो त्याला नाव नाही. जांभ्याला तर हे वरदानच. रेंडरमध्ये जांभ्याचं टेक्श्चर दर चार फुटांवर तेच तेच येतं, एकच भोक ओळीनं बारा वेळा. वॉशमध्ये तसं होत नाही. रेषा कोपऱ्यात मुद्दाम थोड्या पुढं जाऊ देतो, गवंड्याच्या दोरीसारख्या. सोपा आणि परसू एवढंच पूर्ण रंगवलं. माडीकडं जाता जाता चित्र विरत गेलं आणि कडेला नुसता कागद.

तिन्ही भाऊ मेच्या सुट्टीत बायकापोरांसकट गावी जमतात, म्हणून मे महिना धरला, वेळ सकाळी दहाची. मागच्या बाजूच्या चित्रात कौलांची सावली पागोळीच्या रेषेबाहेर तीनेक फूट आली होती, धुण्याच्या कट्ट्यावर. ती निळसर जांभळी सावली मला फार आवडली होती. चित्र तिच्यावरच तोललेलं होतं म्हणा.

फेब्रुवारीत ए थ्रीचे प्रिंट घेऊन पुन्हा गेलो. सोप्यात चटई टाकलेली. या वेळी कुणी गप्प बसलं नाही. थोरल्यांनी पेन्सिलच मागितली आणि माझ्या चित्रावर गोठ्याचं दार सरकवलं. मधले म्हणाले, खिडकी जरा खाली घे, बसून बाहेर दिसलं पाहिजे. धाकट्यांनी स्लॅबचा विषय काढला, पण विरत गेलेल्या भागावर बोट ठेवून : "इथं माडीवर निदान एक खोली स्लॅबची होईल काय?" तिथं अजून काही काढलेलंच नसल्यानं भांडायला जागा होती. मी मनात खूश.

अव्वांनी मागच्या बाजूचा प्रिंट डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"ही सावली कुठली रे?"

"घराची, अव्वा. कौलांची."

"कुठला महिना म्हणालास?"

"मे."

"मे मधी इथं कुठली सावली? ह्या कट्ट्यावर माझे पापड वाळतात."

मी समजावायला गेलो. परसू उत्तरेला. सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून सावली उत्तरेला पडणारच. शाळेतलं ज्ञान. शिवाय पुरावा डोळ्यांसमोर होता. मी त्यांना धरून मागल्या दारी नेलं. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. कट्टा चांगला सावलीत, वर एक मांजर झोपलेलं.

"बघा," मी म्हणालो.

"आत्ता हाय," अव्वा म्हणाल्या. "आत्ता पापड कोण घालतंय? होळी सरली की सावली मागं मागं सरते. मे मधी सात वाजता ह्या मागल्या भिंतीला उन्ह लागतं, आणि दिसभर कट्टा तापतो. तू काय बघूलास मग?"

भिंतीची मापं घ्यायला आलेले बैलहोंगलकडचे मिस्त्री चुन्याचा एक पोपडा नखानं काढत उभे होते. ते हसून कानडीत म्हणाले, "अज्जी हेळूदु खरे ऐति." आजी म्हणतात ते खरं आहे. मे महिन्यात उत्तरेच्या भिंतीचा गिलावा करायचा तर ते आधी ताडपत्री बांधतात म्हणे, नाहीतर सकाळीच तडकतो.

रात्री घरी येऊन मॉडेल उघडलं. महिना मे, वेळ दहा, दोन्ही बरोबर. मग ठिकाण बघितलं. बोल्डर, कोलोरॅडो.

स्केचअप बनवणारी कंपनी मुळात त्या गावची. मॉडेलला ठिकाण दिलं नाही तर सूर्य तिथला धरला जातो. बोल्डर 40 अंश उत्तरेला. तिथं वर्षातल्या कुठल्याही दुपारी सूर्य दक्षिणेलाच. बेळगाव सोळा अंशांच्याही आत. मेच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला हल्ली शून्य सावलीचा दिवस म्हणून पोरं अंगणात काठ्या रोवतात, आणि मग तो उत्तरेला सरकतो तो ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपासपर्यंत तिकडंच. पेपरात दरवर्षी वाचतो मी हे. काठीच्या सावलीचे फोटोही लाइक केलेत. त्याचा आणि माझ्या कामाचा काही संबंध असेल असं मात्र कधी डोक्यात आलं नाही.

ठिकाण बदललं. सावली कट्ट्यावरून उठली आणि पागोळीच्या आत गेली. वेळेची पट्टी मागं ओढत सातवर आणली, आणि मागल्या भिंतीच्या खालच्या भागावर तिरकं ऊन आलं. वरचा भाग वळचणीच्या सावलीत, खालचा उजेडात, मध्ये जांभ्याच्या खडबडीवरून गेलेली वेडीवाकडी रेषा. असं काही मला सुचलं नसतं. जांभळी सावली पुसताना जीवावर आलं, खोटं कशाला सांगू. सगळा वॉश नव्याने टाकला. भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर फक्त पातळ पिवळा गेरू, आणि कट्ट्यावर काहीच नाही. कोरा कागद.

पंधरा दिवसांनी तो प्रिंट दाखवला. अव्वा बराच वेळ बघत होत्या. मला कौतुकाची अपेक्षा होती.

"बाज कुठाय? पापड काय जमिनीवर घालू?"

मी पेन्सिलीनं तिथंच बाज काढली, चार पाय, दोऱ्या आणि वर सात-आठ गोल. तोच प्रिंट थोरल्यांनी फ्रेम करून सोप्यात लावलाय. धाकट्यांना फोनवर ठेवायला फोटोसारखंच हवं होतं, तेही दिलं. त्यात पांढरी गाडी आहे. कौलं उतरवायचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. स्लॅबच्या खोलीचं अजून चाललंय.

माझ्या टेम्प्लेटमध्ये आता बेळगाव आहे. त्याच आठवड्यात जुन्या फाइली उघडून बघितल्या, मागच्या चार वर्षांतल्या. निम्म्याहून जास्त घरांवर बोल्डरचं ऊन. मालक राहायला गेलेत, कुणी कधी काही बोललेलं नाही. त्यातला अनगोळचा एक बंगला मला नीट आठवतो. त्याच्या उत्तरेकडच्या बेडरूमला ऊन येतच नाही हे माझ्याच चित्रावर बोट ठेवून ठरलं होतं, आणि खिडकीवरचा छज्जा दीड फुटाचा नऊ इंच केला होता. तिथं आता त्या मालकांच्या आई झोपतात असं ऐकलं.

मे महिन्यात एकदा सकाळी जाऊन यायला हवं.