641 चा भागाकार आणि आप्पांचा ताळा

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलेली, दुकान बंद, लाइट गेलेली आणि मोबाइलला नऊ टक्के चार्जिंग. म्हणून भाचीच्या वहीतलं एक गणित घेऊन बसलो. 4,29,49,67,297 ही मूळ संख्या आहे का?

हा आकडा म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. याच साच्यातले, म्हणजे 2 च्या 1, 2, 4, 8 आणि 16 व्या घातात 1 मिळवून येणारे, आधीचे 3, 5, 17, 257 आणि 65537 हे पाचही मूळ. त्यावरून सतराव्या शतकात फर्मा या गणितज्ञाला वाटलं, पुढचेही तसेच निघणार. 1732 मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञानं लगेच पुढचाच फोडून दाखवला. कशानं फोडला ते मात्र वहीत नव्हतं.

सरळ मार्गानं जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 65536 च्या आतल्या 6542 मूळ संख्यांनी भागत बसायचं. तोवर पूर येऊन ओसरला असता. पण ऑयलरचाच नियम आहे : याचा मूळ विभाजक 64 च्या कुठल्यातरी पटीत 1 मिळवूनच येतो. मग उरतात 193, 257, 449, 577, 641 आणि पुढचे. 193 ला बाकी 109. 257 ला फक्त 2, जीव चुटपुटला. 449 ला 325, 577 ला 288. आणि 641 ला शून्य! ओरडलोच. उत्तर लिहिलं 670417.

आप्पा गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते, उभी हयात रव्यांचे हिशोब आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या करण्यात गेली. त्यांनी चष्मा पुसून नवाचा ताळा घेतला, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करायची आणि दोन्हीकडं जुळते का बघायचं. मूळ आकड्यातल्या अंकांची बेरीज 59, म्हणजे 14, म्हणजे 5. 641 चे 2, उत्तराचे 7, गुणाकार 14, पुन्हा 5. जमला.

मी खुशीत उलटा गुणाकार केला तर आले 42,97,37,297. अब्जाचे कोटी झाले!

"लेका, शून्य गिळलंस की," आप्पा म्हणाले.

खरंच. 4489 मधून 4487 गेले, उरले 2. खाली 6 घेतला, 26 ला भाग जात नाही, शून्य. मग 7 घेतला, 267, पुन्हा शून्य. मी एकच दिलं होतं. उत्तर 6700417.

"पण ताळा जमला की, आप्पा!"

"शून्यानं बेरीज हलती व्हय? ताळा झाला तरी अंक मोजायचे. दहा अंकी आकडा, तीन अंकी भाजक, उत्तर सहा अंकी येईल कसं?"

मोबाइलवर हे अर्ध्या मिनिटाचं काम, मान्य. पण आता आप्पाच हटेनात. 6700417 तरी मूळ आहे का? वर्गमूळ 2588 च्या जरा वर, नियम तोच, त्यामुळे 641 धरून सातच भागाकार : 769, 1153, 1217, 1409, 1601, 2113. मेणबत्ती संपत आली तेव्हा शेवटचा झाला. 2113 नं 3171 वेळा, बाकी 94. आप्पांनी ताळा घेतला, दोन्हीकडं 7. मग पेन्सिलीचं टोक टेकवत उत्तराचे अंक मोजले. चार.