अंगण खरंच वाकडं निघालं

मागच्या वेळचं माझं रडगाणं आठवत असेल. स्कायडायव्हिंगमध्ये फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग वाढवायला दोन्ही फ्रंट रायझर (खांद्यांवरून वर जाणारे पुढचे पट्टे) चार इंच ओढले की माझी सेबर 2 135 ही कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं छत, दोन सेकंद बरी वागते, मग उधळते. नाक वर-खाली आपटायला लागतं आणि रायझर हातातून निसटतात. विंग लोडिंग, म्हणजे कॅनोपीच्या दर चौरस फुटावरचं वजन, जेमतेम 1.2 पौंड, म्हणजे कॅनोपी काही राक्षसी नाही. मग दोष माझाच, असं समजून दोन महिने पुल-अप्स मारले. ‘बायकांच्या दंडात तेवढा जोर नसतो,’ हेही एका गृहस्थांनी ऐकवलं. त्यांच्याकडे शेवटी येते.

कोचची युक्ती केली: रायझर धरण्याआधी थोडे ब्रेक लावून वेग मारायचा. रायझर हलके झाले खरे, पण उधळणं तसंच राहिलं. शंका तेव्हाच यायला हवी होती.

गेल्या शनिवारी ॲरिझोनातल्या ईलॉयला 5000 फुटांवरून हॉप-अँड-पॉप (विमानातून निघाल्या निघाल्या पॅराशूट उघडायची जंप) केला आणि हेल्मेटवरचा कॅमेरा वर वळवून ठेवला. रात्री फिनिक्सला घरी येऊन व्हिडिओ पाहिला आणि कपाळावर हात मारला. टॉगल (ब्रेकच्या मुठी) पूर्ण वर असतानाही कॅनोपीची मागची कड खाली दुमडलेली! ब्रेक लाइनना, म्हणजे टॉगलपासून त्या कडेला जाणाऱ्या दोऱ्यांना, मागे सैल कमान दिसायला हवी, त्या तर तारेसारख्या ताठ. टॉगल हातात ठेवून फ्रंट रायझर खाली ओढले की ब्रेकही ओढले जाणारच. मी इतके दिवस त्या बिचारीला एकाच वेळी पळ आणि थांब सांगत होते.

रिगरने (पॅराशूट तपासून दुरुस्त करणाऱ्याने) मोजलं: डावी ब्रेक लाइन चार इंच आखूड, उजवी पाच. स्पेक्ट्रा धाग्याची ती, उघडताना दोऱ्यांवरून खाली घसरणाऱ्या स्लायडरच्या (कापडी चौकोनाच्या) घर्षणाने तापते आणि आखडते, ब्रेक लाइन सगळ्यांत जास्त. आणि मला विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘लाइनसेट (सगळ्या दोऱ्यांचा संच) नव्यासारखाच आहे.’ सेकंडहँड घेताना लाइन ट्रिम चार्टशी (दोऱ्यांच्या ठरलेल्या लांबीच्या तक्त्याशी) मोजून घ्या, ‘नव्यासारखा’ हे माप नव्हे.

आधी फक्त ब्रेक लाइन बदलणार होते. पण बाकीच्याही ट्रिममधून गेलेल्या निघाल्या, मग पूर्ण लाइनसेटच घातला. व्हेक्ट्रन या दुसऱ्या धाग्याच्या लाइन घे म्हणणारे बरेच भेटले. ती आखडत नाही, मान्य, पण झिजली की फारशी सूचना न देता तुटते. मला कुरकुर करणारी स्पेक्ट्राच बरी.

नव्या लाइनवरची पहिली जंप. 3500 फुटांवर दोन्ही रायझर ओढले. नाक खाली गेलं, वाऱ्याची शिट्टी चढत गेली, आणि बाकी काही नाही! पाच सेकंद धरून ठेवले. वर एकटीच मोठ्याने हसले.

लँडिंगला मात्र माती खाल्ली, शब्दशः. लाइन लांब झाल्यामुळे फ्लेअर (उतरताना टॉगल ओढून वेग मारणं) टॉगलच्या स्ट्रोकमध्ये खाली सरकला होता, आणि माझे हात जुन्याच जागी थांबले. बसून घसरले. तिसऱ्या जंपला हात शेवटपर्यंत नेले, तेव्हा पायांवर.

पुढच्या महिन्यात उतरण्याआधी वेग घेणारं 90 अंशांचं वळण सुरू करणार, असं लिहायला बसले होते. लिहिता लिहिता लक्षात आलं की वहीतले रिकव्हरी आर्कचे (डाइव्हनंतर कॅनोपी पुन्हा सरळ होईपर्यंत किती उंची जाते त्याचे) सगळे आकडे त्या दुमडलेल्या शेपटीचे आहेत. नव्या लाइनवर कॅनोपी जास्त वेळ डाइव्ह करते, त्या आकड्यांवर खाली वळले तर संपलंच. त्यात ईलॉय समुद्रसपाटीपासून 1500 फुटांवर. दुपारी 42 अंशांत तिथली हवा 5000 फुटांवरच्याइतकी विरळ, म्हणजे वेगही जास्त आणि उंचीही जास्त खर्च. तेव्हा 90 अंश बाद. आधी फ्लायसाइट (वेग-उंची नोंदणारं जीपीएस यंत्र) लावून सगळी मापं पुन्हा, 2500 फुटांच्या वर, आणि, हे आत्ताच सुचलं, तीच जंप सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, म्हणजे उन्हाचा फरक कागदावर दिसेल. तोवर फायनलवर रायझरला हात नाही.

ते दंडवाले गृहस्थ काल माझ्याकडे आले. त्यांचीही कॅनोपी उधळते म्हणे, रिगर कोण ते विचारत होते.