मे महिन्यापर्यंत वाढेन ना?

“बाबा, मे महिन्यापर्यंत मी तेवढी वाढेन ना?” दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभ्या असलेल्या धाकटीने आज हा प्रश्न विचारला आणि तो अजून मनातून जात नाही.

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात सहकुटुंब जायचे ठरले आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानातल्या मोठ्या रोलर कोस्टरना किमान उंचीची अट असते, हे थोरल्याने वाचून दाखवले होते.

सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर. तिथे आत्याकडे मुक्काम करून पहाटे द्रुतगती महामार्गाने घाट उतरायचा, रांगा वाढण्याआधी मोठे पाळणे उरकायचे आणि दुपारच्या उन्हात माझ्या आईसह सावलीतले खेळ पाहायचे, असा आराखडा रोज जेवणानंतर चौघे मिळून खोडतो आणि पुन्हा लिहितो. मला तर हे लिहिणेही सहलीइतकेच प्रिय आहे, कारण एरवी आपापल्या खोलीत असणारी माणसे त्या एका कागदाभोवती जमतात.

धाकटीसाठी तिच्या उंचीला चालतील अशा पाळण्यांची वेगळी यादी आज केली. आईचे गुडघे दुखतात. ज्येष्ठांना घेऊन तिथे गेलेल्यांनी दिवस कसा आखला होता?