पीएचडी, नेटवर्किंग आणि ती एक हजार पॅकेटं

आत्ता नेटवर्किंगच्या पीएचडीत तिसऱ्या वर्षाला जे अडकलेत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय. गेट, इंटरव्ह्यू, कोर्सवर्क, क्वालिफायर हे सगळं होऊन जातं, त्याबद्दल सांगणारे सीनियर पण भरपूर भेटतात. मी सांगतेय ते त्याच्या पुढचं, माझा पेपर रिजेक्ट झाला तेव्हाचं.

माझा विषय कंजेशन कंट्रोल, म्हणजे टीसीपीने (इंटरनेटवर डेटा पॅकेटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपात पोचवायची पद्धत) किती वेगाने डेटा सोडायचा ते कसं ठरवायचं. संशोधक व्हॅन जेकबसन यांचा यावरचा १९८८ चा पेपर वाचला आणि दुसरा विषय नकोच वाटला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांवर, वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता. ४०! लाईन तुटलेली नव्हती, सगळे एकदम पॅकेटं रेटत होते, हरवली की परत पाठवत होते आणि त्यानेच गर्दी अजून वाढत होती.

तर आमचा पेपर. क्युबिक आणि बीबीआर या कंजेशन कंट्रोलच्या दोन अल्गोरिदमची लांब पल्ल्याच्या लिंकवर तुलना. सेटअप साधा, तीन मशीन, मधलं लिनक्सचं राउटर, एक गिगाबिटची लिंक आणि नेटएमने (लिनक्समधलं, मुद्दाम उशीर घालायचं टूल) एका बाजूला ५० मिलिसेकंद डिले, ऑफलोड (नेटवर्क कार्ड परस्पर करतं ती कामं) सगळे बंद करून ठेवलेले. आठ महिने रन चालवले, डेडलाईनच्या रात्री चारला सबमिट केलं, आणि तीन महिन्यांनी रिजेक्ट. तीन रिव्ह्यू होते, त्यातल्या एकात एवढाच प्रश्न होता की हे ड्रॉप, म्हणजे पॅकेटं टाकून दिली जाणं, नेमके कुठे होतायत.

दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी राउटरवर टीसी या लिनक्सच्या टूलचे काउंटर काढून बघितले तर ड्रॉप आमच्या बॉटलनेक क्यूमध्ये (जिथे गर्दी होणं अपेक्षित होतं त्या रांगेत) नव्हतेच, नेटएमच्या आत होते. नेटएमची डिफॉल्ट लिमिट १००० पॅकेटची असते. गिगाबिट लिंकवर ५० मिलिसेकंदात १५०० बाइटची चार हजारांवर पॅकेटं वाटेत असतात, ती धरून ठेवायला जागा फक्त हजारांची, उरलेली गुपचूप टाकून दिली जात होती. वहीत हिशेब केला, हजार पॅकेट भागिले ५० मिलिसेकंद, २४० मेगाबिट. आमच्या ग्राफमध्ये दोन्ही अल्गोरिदम बरोबर २४० च्या खालीच अडकलेले होते आणि मी पेपरमध्ये त्यावर अर्धं पान कारणं लिहिली होती.

गाईडच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, लांबच्या लिंकचे सगळे आकडे चुकलेत." ते जरा वेळ ग्राफ बघत बसले, मग म्हणाले, "छापून यायच्या आधी कळलं हे फार चांगलं झालं. लिमिट वाढव आणि परत चालव." त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल. सगळ्यांना असा गाईड मिळत नाही हे मला माहितीये.

परत चालवल्यावर निम्मे निष्कर्ष गेले. लहान बफरवरचं (राउटरमध्ये पॅकेटं थांबायची जागा) एक निरीक्षण तेवढं टिकलं, त्याचा पेपर दीड वर्षाने छोट्या कॉन्फरन्समध्ये लागला आणि थिसिसचा अर्धा भाग त्यावरच उभा राहिला. घरी आई दर फोनवर विचारायची "अजून किती गं", तिला नेटएम कसं सांगणार. पैशाचंही सांगते, आमच्या वेळी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिन्याला ३१ हजार होती (२०२३ पासून ३७ झाली) आणि ती कधीकधी तीन-तीन महिने यायचीच नाही, तेव्हा हाताशी थोडी शिल्लक ठेवूनच यात पडा.

आणि प्रत्येक रनच्या आधी-नंतर काउंटर फाईलमध्ये सेव्ह करा, सगळ्या मशीनचे, अगदी गरज वाटत नसली तरी. व्हायवात एक्झामिनरने ड्रॉप कुठे झाले हेच विचारलं, तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून फाईल उघडून दाखवली.

आता शिकवते. लॅबमध्ये नवीन आलेल्यांना तोच सेटअप जुन्या लिमिटसकट देते आणि २४० का येतंय ते शोधायला सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने दुपारच्या जेवणाआधीच शोधलं.