बाईंचा पुठ्ठ्याचा त्रिकोण

आयताला सममितीचे अक्ष, म्हणजे घडी घातली की दोन्ही अर्धे तंतोतंत बसतील अशा रेघा, किती, या प्रश्नाला आठवीत मी 'चार' असं ठणकावून उत्तर दिलं होतं. साल १९८७. बरोबर उत्तर दोन. माझं म्हणणं असं होतं की एक आडवी रेघ, एक उभी आणि दोन कर्ण. कर्णावर कापलं की आयताचे दोन त्रिकोण होतात, एकावर एक ठेवले की तंतोतंत बसतात, मग कर्णाने काय घोडं मारलंय?

बाईंनी वाद घातला नाही. टेबलाच्या खणातून एक जुनी लग्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. "कर्णावर घडी घाल." घातली. दोन्हीकडून पत्रिकेचे कान बाहेर आले आणि वर्ग खदाखदा हसला. "आता त्याच घडीवर फाड." फाडली. दोन त्रिकोण हातात आले. ते एकावर एक बसवायला एक तुकडा अर्धा फेरा फिरवावा लागला, पालथा मात्र करावा लागला नाही. बाई म्हणाल्या, "उत्तर तसं वाया गेलं नाही तुझं. मी घडीचं विचारलं होतं, तू फिरवण्याचं सांगितलंस."

मार्क मिळाला नाहीच. पण 'प्रश्न दुसरा होता' हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून पुढे सरकायची माझी ती सुरुवात.

फिरवण्याच्या त्या सममितीचं भारदस्त नाव घूर्णन सममिती. बाई ते फळ्यावर लिहायच्या आणि बोलताना 'फिरती' म्हणायच्या. शिकवायची त्यांची रीत अशी: फळ्यावर आकृती गिरवायची, तिच्यावर त्याच मापाचा पुठ्ठा मधोमध टाचणीने टोचायचा आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. "उघडा. मी काही केलं का?" सांगता आलं नाही तर आकृती सममित. व्याख्या म्हणून एवढंच. पुढे वाचलेल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा मला ती जास्त उपयोगी पडली आहे.

समांतरभुज चौकोनाने तर आमची पार फजिती केली. दिसायला तो कलंडलेला. घडी कुठेही घाला, बसत नाही. म्हणजे अक्ष शून्य. आम्ही सगळ्यांनी त्याला 'सममिती नाही' म्हणून निकालात काढलं होतं. बाईंनी कर्ण जिथे छेदतात तिथे टाचणी टोचली, आम्ही डोळे मिटले, उघडले, आणि कुणालाच काही सांगता येईना. त्यांनी तो १८० अंशांतून फिरवला होता. एका पूर्ण फेऱ्यात आकृती जितक्या वेळा जागच्या जागी बसते तो आकडा म्हणजे तिची कोटी; हा दोनदा बसतो, म्हणून कोटी २. समभुज त्रिकोण १२० अंशांना बसतो, कोटी ३, आणि घडीचे अक्षही तीन. चौरस ९० अंशांना, कोटी ४, अक्ष चार. नियमित बहुभुज घेतला की दोन्ही आकडे जोडीने चालतात. मजा आहे ती जोडी फुटते तिथे. स्वस्तिक घ्या. चार वेळा बसतं, घडी एकही नाही. उलट समद्विभुज त्रिकोणाला एक घडी आहे, पण फिरवायचा तर पूर्ण फेराच मारावा लागतो.

मग आम्हाला आमच्या नावांत सममित अक्षरं शोधायला सांगितलं. देवनागरीत हे काम अवघड. उभ्या घडीला इमानदारीने बसणारा एकटा 'ठ'. 'ळ' वरून वर्गात दोन तट पडले ते वर्ष संपेपर्यंत मिटले नाहीत. आकड्यांत शून्य आणि चार. (माझ्या नावात यातलं काहीच नाही.)

स्नेहसंमेलनाला रांगोळी मुलींकडे असायची. त्या वर्षी बाईंनी ठिपके मोजायला मुलांना बसवलं. मुलींनी '१५ ते ८' घातली होती, म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग प्रत्येक ओळीत मधले-मधले ठिपके धरत दोन्हीकडे १४, १३ असं उतरत ८ पर्यंत. दुसऱ्या गटाची '१३ ते १'. एक षटकोन, एक शंकरपाळ्यासारखी. आम्ही मोजले तर दोन्हींत १६९ निघाले. आधी वाटलं चुकलो, पुन्हा मोजले, तेवढेच. ठिपके तेवढेच असून पहिली रांगोळी सहा वेळा बसते आणि दुसरी दोनच वेळा, हे बघून आम्ही चकित. आमच्यातल्या एकाने शंका काढली की ओळी अजून जवळ घेतल्या तर? बाई म्हणाल्या, "घेऊन बघ." दोन ओळींतलं अंतर ठिपक्यांतल्या अंतराच्या निम्म्यावर आणलं तर शंकरपाळीचा कोपऱ्यावर उभा चौरस होतो आणि कोटी दोनाची चार होते. त्याने ते करून बघितलं, त्यात मुलींची रांगोळी पुसली गेली, आणि पुढचं भांडण इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या कामाला आलेला धडा मात्र वेगळा. तोही एका लबाडीतून निघाला. माझ्या शेजारच्याने डोळे मिटण्याच्या खेळात पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला शाईचा बारीक ठिपका लावून ठेवला आणि दर वेळी बरोबर सांगू लागला. बाईंनी पकडलं, पण छडी काढली नाही. त्यांनी समभुज त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी अ, ब, क अशी अक्षरं घातली आणि विचारलं, हा पुठ्ठा त्याच्या जागेवर एकूण किती तऱ्हांनी बसेल? आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. सहा. नुसता फिरवून तीन: अबक, बकअ, कअब. पालथा घालून तीन: अकब, बअक, कबअ. पहिल्या तिघांत घड्याळाच्या दिशेने वाचत गेलं की अ नंतर ब, ब नंतर क. दुसऱ्या तिघांत अ नंतर क. आणि दर पालथ्यात एक कोपरा आपल्या जागी राहतो, बाकी दोघांची अदलाबदल होते. एवढं झालं आणि घंटा वाजली.

दहावीनंतर मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. आज पंचगंगेच्या काठावर माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीची लाईट, नदीवरची मोटार, आणि शेतकरी म्हणतोय, "मिस्त्री, पाणी येतंय पण जोरच न्हाई बघा." मोटार उलटी फिरत होती. डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम झालं होतं, त्यात फेज, म्हणजे विजेच्या तीन तारा, इकडचे तिकडे झाले होते. उलट्या फिरणाऱ्या पंपातून पाणी येतं, पण वरच्या शेतापर्यंत चढत नाही. मी मोठ्या आत्मविश्वासाने स्टार्टरमधल्या तिन्ही वायरी काढल्या. लाल पिवळ्याच्या जागी, पिवळी निळ्याच्या जागी, निळी लालच्या जागी. तिन्ही बदलल्या म्हणजे काम पक्कं, असा हिशेब. चालू केलं. मोटार तशीच उलटी. अर्धा तास मी बॅटरीच्या उजेडात त्या वायरींकडे बघत बसलो होतो, आणि शेतकरी माझ्याकडे.

तेव्हा वहीचं मागचं पान आठवलं. अबक चं कअब केलं होतं मी. पुठ्ठा नुसता फिरवला होता.

मोटारीत तीन फेजची वेटोळी १२० अंशांच्या अंतराने बसवलेली असतात. तिन्ही प्रवाह एकामागून एक चढतात, त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला, म्हणजे मधल्या फिरत्या भागाला, ओढत नेतं. लाल, मग पिवळा, मग निळा हा क्रम पिवळ्यापासून मोजा नाहीतर निळ्यापासून, फिरण्याची दिशा तीच. ती उलटायची तर त्रिकोण पालथा घालायला हवा, म्हणजे एक वायर जागेवर ठेवून बाकी दोघींची अदलाबदल. आयटीआयत 'दोन फेज बदला' हा नियम पाठ करून घेतला होता; दोनच का, तीन का नाहीत, हे त्या रात्री बांधावर कळलं.

पंपाच्या इंपेलरचंही, म्हणजे आतल्या पाणी फेकणाऱ्या चाकाचंही, तेच. त्याची पाती वाकडी असतात. सहा पाती असतील तर ६० अंशांना तो जागच्या जागी बसतो, पण घडीचा अक्ष त्याला एकही नाही. असता तर त्या इंपेलरला सरळ फिरणं आणि उलटं फिरणं यात फरकच राहिला नसता. आरशातला इंपेलर हा वेगळा इंपेलर आहे, तो या पंपाला चालत नाही.

२००५ च्या आणि २०१९ च्या महापुरात काठावरच्या मोटारी गाळाने भरल्या. आमच्या दुकानात ठेवायला जागा नव्हती, रस्त्यावर रांग लावली होती. पाणी ओसरल्यावर सगळ्या पुन्हा जोडायच्या होत्या, आणि केबलीवरचे रंग चिखलाने ओळखू येत नव्हते. अंदाजाने जोडलं तर सहापैकी तीन जोडण्या सुलट, तीन उलट. २०१९ ला माझ्याबरोबर एक नवा पोरगा होता. पहिलीच मोटार उलटी फिरली. त्याने विचारलं, "मामा, कुठल्या दोन बदलू?" मी म्हटलं, "कुठल्याबी."

त्याचा विश्वास बसेना. त्याने लाल-पिवळी बदलली, मोटार सुलटी झाली. मग मुद्दाम पहिल्यासारखं जोडून पिवळी-निळी बदलून पाहिली, पुन्हा पहिल्यासारखं जोडून निळी-लाल. दर वेळी मेन बंद करायचा, नट सोडायचे, नट आवळायचे. मागे आणखी बऱ्याच मोटारी खोळंबल्या होत्या, शेतकरी ओरडायला लागला होता. मी त्याला म्हटलं, "मालक, जरा दम धरा, पोराचं होऊ द्या."