मायटर सॉ बघायला जाताना गुण्या सोबत नेला

कपाटाच्या शटरच्या (दाराच्या) चौकटीचे तीन कोपरे घट्ट बसायचे आणि चौथा आ वासून बघत राहायचा. त्यात भुसा आणि गोंद भरून वर पॉलिश मारलं की गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण आपल्याला दिसतं. आमचे मिस्त्रीकाका ती फट भरताना एक शब्द बोलायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. कारण पट्ट्या तिरप्या कापणारी ती मशीन, मायटर सॉ, माझ्या हौसेची होती.

१२ इंची ब्लेड, पुढे-मागे सरकणारं डोकं, दोन्ही अंगांना तिरपा काप, वर लेझर. घेताना मी एवढाच हिशेब केला होता की जेवढी मोठी तेवढी कामाची. नव्याचे नऊ दिवस छान गेले.

फट दिसायला लागल्यावर काका म्हणाले, "फेन्स सरकली असेल, गुण्या लावून बघ." फेन्स म्हणजे पट्टी टेकवायची मागची भिंत, गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन. लावला. ब्लेड खाली, डोकं मागे, गुण्या पात्याला असा चिकटला की मधून उजेड जाईना. तरी फेन्सचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. घोडं कुठे पेंड खातंय ते एका दुपारी कळलं. प्लग काढून साफसफाई करताना डोकं पुढे ओढलं होतं, हँडलला हाताचा रेटा बसला आणि ब्लेड डोळ्यांना दिसेल इतकं बाजूला गेलं. मागे असताना कडक, पुढे आलं की ढिलं. आणि आम्ही गुण्या लावायचो तो कायम डोकं मागे असताना!

आमच्या पट्ट्या ६० मिमीच्या. त्यांना डोकं सरकवायची गरजच नसते, पण हाताला सवय लागलेली. म्हणून स्लाइडचा लॉक लावून नुसतं वरून खाली कापायला लागलो. फट निम्मी झाली, पण गेली नाही.

तेव्हा कागद घेऊन बसलो. चार कोपऱ्यांच्या चौकटीला पंचेचाळीस अंशांचे आठ काप. प्रत्येक काप एकाच दिशेने ०.१ अंश चुकला, तर तीन कोपरे दाबून बसवल्यावर सगळ्यांचं पाप चौथ्याच्या पदरात पडतं, म्हणजे ०.८ अंश. ६० मिमीच्या पट्टीवर तिरपा सांधा साधारण ८५ मिमी लांब येतो, त्याच्या टोकाला जवळपास १.२ मिमीची फट. मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर ०.१ अंश वाचताही येत नाही. ती पट्टी बघून मशीन पारखणं म्हणजे पाटी वाचून वैद्य निवडणं.

दुसरी मशीन घ्यायची हे ठरलं, पण या वेळी आधी आठवडाभर एक वही मायटर सॉजवळ टांगली. कापलेल्या प्रत्येक तुकड्याची रुंदी त्यात लिहायची. आठवड्याअखेर पाहिलं तर बहुतेक सगळं ९० मिमीच्या आत: चौकटीच्या पट्ट्या, लिपिंग-बीडिंगसारख्या कडेच्या बारीक पट्ट्या. प्लायचे मोठे तुकडे तर पॅनेल सॉवरच, म्हणजे मोठे तक्ते कापायच्या मशीनवरच जातात. ज्या ३०० मिमीच्या कापासाठी मी एवढं धूड आणलं होतं, तो आठवड्यात दोनदा लागला होता.

मग १० इंची बघायला लागलो. लहान ब्लेड तेवढ्याच जाडीचं असेल तर कमी लवतं, ब्लेड फिरवणाऱ्या शाफ्टचा दोषही टोकाला जरा कमी दिसतो. फ्लँजच्या (ब्लेड धरणाऱ्या चकतीच्या) तोंडावर, मध्यापासून २० मिमीवर, ०.०२ मिमी डगमग असेल, तर १० इंची ब्लेडच्या कडेला ती सहापटीहून थोडी जास्त होते आणि १२ इंचीच्या कडेला साडेसातपट. फरक फार नाही, पण आपल्या बाजूचा आहे.

सरकणाऱ्या मशीनमध्येही प्रकार आहेत. डोकं ज्यांवर सरकतं ते दांडे काहींत मागे जातात, त्यांना भिंतीपासून लांब ठेवावं लागतं. मकिता आणि फेस्टूलच्या काही मॉडेलांत दांडे पुढे असतात, तर बॉशच्या एका प्रकारात दांड्यांऐवजी कोपरात वाकल्यासारखा हात असतो. मी मात्र नावांपेक्षा हाताच्या रेट्यावर भरवसा ठेवायचं ठरवलं. पिशवीत गुण्या, ६०० मिमीची सरळ पट्टी, डगमग मोजणारं डायल गेज, थोडे साधे कागद आणि दोन्ही कडा समांतर केलेल्या १०० मिमी रुंद एमडीएफच्या पट्ट्या. दुकानदाराला आधी वाटलं मी दुरुस्ती करायला आलोय.

प्लग काढून पहिलं काम म्हणजे डोकं पूर्ण पुढे ओढून हँडल बाजूला दाबणं. दोन सरकत्या मशीन तिथेच बाद झाल्या. मग फेन्स. तिचे डावा-उजवा दोन भाग एका रेषेत हवेत. त्यांवर सरळ पट्टी टेकवायची आणि फटीत कागद घालून बघायचा. साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, तो सरकला तर फेन्स वाकडी. त्यानंतर टेबल पंचेचाळीसच्या खाचेत न्यायचं, शून्यावर आणायचं, गुण्या लावायचा, असं पाच वेळा. खाच थोडी चुकलेली असली तरी चालते, ती बसवता येते. दर वेळी वेगळीकडे थांबणारी खाच मात्र कुणालाच दुरुस्त करता येत नाही. डायल गेज शाफ्टच्या फ्लँजला लावून शाफ्ट हाताने फिरवला.

शेवटची कसोटी कापाची. एमडीएफची पट्टी सरळ आडवी कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे फेन्सला लावून कापलेली तोंडं जुळवायची. चूक दुप्पट होऊन दिसते. १०० मिमीवर ०.१ अंशाची चूक ०.१७ मिमी, उलटल्यावर ०.३५, म्हणजे उजेडात धरली की लपत नाही. पट्टीच्या कडा समांतर नसतील तर निर्दोष मशीनवर आळ येतो, एवढं सांभाळायचं.

शेवटी घेतली ती १० इंची, न सरकणारी. सरळ काप सुमारे १४० मिमीचा, पंचेचाळीसला सुमारे ९५. लेझर नाही, ब्लेडची सावली पाडणारा दिवा आहे. सावली पात्याचीच असल्यामुळे तिला जुळवत बसावं लागत नाही. टिकाऊपणासाठी मी पाहिलं ते इतकंच: मोटरचे झिजणारे कार्बन ब्रश बाहेरून टोपी काढून बदलता येतात का, आणि बेअरिंग, स्विच सुटे मिळतात का.

सोबत आलेलं जाड दातांचं ब्लेड पहिल्याच दिवशी उतरवलं. ८० दाती, उलट्या झुकावाच्या दातांचं बसवलं. लॅमिनेटसाठी सपाट आणि कोन मारलेले दात आलटून पालटून असलेलं वेगळं ब्लेड आहे, त्याने कड कमी उडते. काप झाल्यावर ब्लेड थांबेपर्यंत डोकं वर उचलायचं नाही, हे मदतनीस पोराला अजून रोज सांगावं लागतं.

जोडीला लांब पट्टीवर स्टॉप, म्हणजे तुकड्याचं टोक टेकवायचा ठोकळा, ठोकून घेतला. काप कितीही अचूक असला तरी समोरासमोरच्या पट्ट्या अर्धा मिमी लहान-मोठ्या झाल्या की चौकट बसत नाही. खरं तर जुन्या मशीनच्या काही फटींचा दोष टेपने मापून पेन्सिलच्या रेघेवर कापण्याच्या आमच्या पद्धतीकडेच जातो. तो मी मशीनवर ढकलला होता.

आता दर सोमवारी एक पट्टी कापून, उलटून बघतो आणि तुकड्यावर तारीख लिहून भिंतीला टांगतो. आतापर्यंत फेन्सला एकदाच हात लावावा लागला, मशीन दुसऱ्या कोपऱ्यात हलवली तेव्हा. काका चौथा कोपरा बसवताना अजूनही काही बोलत नाहीत. १५० मिमीच्या ड्रॉवरच्या बाजू कापायला पॅनेल सॉपर्यंत जावं लागतं, तेव्हा मात्र जाता-येता दोन्ही वेळा बोलतात.