बोनान्झाचा ओढा आणि आबांची काथवट

अमळनेरला आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक काथवट आहे, सागाची, एका कडेला चीर गेलेली, आतून इतकी गुळगुळीत की हात फिरवला तर लाकूड आहे असं वाटतच नाही. भाकरीचं पीठ मळायची काथवट नाही ती. माझे आबा झारेकरी होते. आता हा शब्द बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सांगतो, सराफ बाजारातल्या सोनारांच्या दुकानाची झाडलोट, बागेसरीतली, म्हणजे सोनाराच्या शेगडीतली, राख आणि दुकानांसमोरच्या गटारीतला गाळ उचलून आणायचा, धुवायचा आणि त्यातनं सोन्याचांदीचे कण काढायचे, हे काम करणारा माणूस म्हणजे झारेकरी. सोनार कानस मारतो तेव्हा कीस उडतोच, कितीही जपलं तरी थोडा पायाला चिकटतो, थोडा झाडूबरोबर जातो, थोडा हात धुतलेल्या पाण्यातून गटारीत जातो. आणि गटारीत गेलेलं सोनं वाहून जात नाही, तिथेच कुठेतरी खाली बसून राहतं. या एका गोष्टीवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या जगल्या.

मध्यंतरी रात्री मोबाईलवर एक व्हिडिओ समोर आला, कॅनडातल्या युकॉनमधला, क्लोंडाइक भागात एक म्हातारा माणूस ओढ्याकाठी उकिडवा बसून लोखंडी ताटलीत वाळू धूत होता. मी तो पाच-सहा वेळा पाहिला, कारण त्याच्या मनगटाची हालचाल हुबेहूब आबांची होती. आधी ताटली पाण्यात बुडवून नुसती गदागदा हलवायची, म्हणजे जड ते खाली जातं, मग थोडी तिरपी करून गोल फिरवत वरचं हलकं पाण्यासोबत सोडून द्यायचं, परत हलवायचं, परत सोडायचं. आबा अहिराणीत म्हणायचे, "घाई नको करू भाऊ, सोनं जड ऱ्हास, ते आपोआप तयले बठस." शेवटी काथवटीच्या तळाला काळ्या रेतीची चंद्रकोर उरायची आणि आबा एक चूळभर पाणी टाकून ती हळूच पसरवायचे, की काळ्याच्या मागच्या टोकाला पिवळी रेघ दिसायची. केसाएवढी. ती दिसली की ते काही बोलायचे नाहीत, फक्त काथवट माझ्याकडे तिरपी करायचे.

त्या दिवसापासून मी क्लोंडाइकबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. आणि जे कळलं ते मला कुणाला तरी सांगायचंच होतं, कारण सगळे लोक त्या सोन्याची गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात, मला मात्र ती पहिल्यापासून शेवटपर्यंत झारेकऱ्याची गोष्ट वाटते, फक्त तिथे झारेकरी म्हणजे ओढाच आहे.

आता गणित अगदी साधं आहे. पाण्यापेक्षा वाळूतली गारगोटी साधारण अडीच पट जड, काळी लोहयुक्त रेती पाच पट, आणि सोनं एकोणीस पट. त्यामुळे पाणी जिथे जरा मंदावतं, वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तिथे सोनं थांबतं, आणि पुराच्या वेळी सगळी वाळू-गोटे हलायला लागले की त्यातनं ते खाली खाली झिरपत जातं, शेवटी कातळ लागेपर्यंत. आपल्याकडे विहीर खोदताना आधी माती, मग वाळू-गोटे, मग पाषाण लागतो ना, तसं. सोनं असतं ते त्या शेवटच्या हातभर थरात आणि कातळाच्या चिरांमध्ये. क्लोंडाइकचा कातळ म्हणजे शिस्ट, पापुद्र्यांचा दगड, पाणी जाऊन जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात आणि प्रत्येक फट म्हणजे सोनं अडकायला खाचच. तिथले खाणवाले वरचा कातळसुद्धा फूटभर फोडून धुवायचे आणि फटी खरवडून काढायचे.

मूळ सोनं आलं कुठून तर डोंगरातल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमधून. ज्युरासिक काळात जमिनीच्या पोटातलं गरम पाणी भेगांमधून वर आलं, त्यातनं गार साचली आणि गारेत थोडं थोडं सोनं. या शिरा स्वतः काही फार मोठ्या घबाडाच्या नाहीत, लोकांनी नंतर पुष्कळ शोधूनही ओढ्यांच्या तोडीची खाण त्यात सापडली नाही. श्रीमंती आली ती धुण्यातून. लाखो वर्षं डोंगर कुजत राहिले, दगडाची माती झाली, पाण्याने हलकं सगळं नेलं आणि जड मागे ठेवलं. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या नद्यांनी तिथे गारगोट्यांचा एक जाड पांढरट थर टाकला, त्याला व्हाइट चॅनेल ग्रॅव्हल म्हणतात, आणि त्याच्या तळाशी सोनं जमलं. हे पहिलं धुणं. मग नद्या आणखी खोल कापत गेल्या, जुनं पात्र डोंगराच्या कुशीवर उंच लटकत राहिलं, आणि नवा ओढा त्याच जुन्या थराला कुरतडत त्यातलं सोनं परत खाली आणून परत धूत बसला. म्हणजे दोनदा धुतलेला माल! आबाही एकदा धुतलेला गाळ टाकायचे नाहीत, पोत्यात भरून ठेवायचे आणि पावसाळ्यात परत धुवायचे, आणि दुसऱ्यांदा कमी कष्टात निघायचं.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात भारी वाटली. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या प्रचंड थराखाली होता, आणि तो बर्फ सरकताना नदीतली वाळू, गोटे, सोनं सगळं खरवडून कुठच्या कुठे मिसळून टाकतो. क्लोंडाइकवर तो बर्फ पोचलाच नाही. थंडी भयंकर होती पण हवा कोरडी होती. त्यामुळे जमिनी गोठल्या, पण ओढ्यांचं काम कुणी विस्कटलं नाही. त्या गोठलेल्या काळ्या गाळात आजही सोन्यासाठी खोदताना मॅमथची हाडं निघतात.

इतिहास तर बऱ्याच जणांना वरवर माहीत असतो. १६ ऑगस्ट १८९६ ला रॅबिट क्रीक नावाच्या एका छोट्या ओढ्यात सोनं सापडलं, त्याचंच नाव मग बोनान्झा. तिथे होते जॉर्ज कार्मॅक, त्याची टॅगिश आदिवासी बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली. नेमकं आधी कुणाला दिसलं यावर अजून वाद आहेत, जिमलाच दिसलं असं त्याच्या लोकांचं म्हणणं, पण शोधाचा क्लेम, म्हणजे त्या जागेवर खोदायचा हक्क, कार्मॅकच्या नावावर लागला, कारण आदिवासी माणसाच्या नावावर तो कुणी मान्य करणार नाही असं कार्मॅकने सांगितलं असं म्हणतात. हे वाचताना मला वाईट वाटलं, खरंच. आणि क्लोंडाइक नदीच्या मुखाशी हान आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या सामन मासे धरायचे, गर्दी आल्यावर त्यांना ती जागा सोडून खाली मूसहाइडला जावं लागलं. क्लोंडाइक हे नावसुद्धा त्यांच्याच ट्रॉन्डेक या शब्दाचा अपभ्रंश आहे. २०२३ साली युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा केला तेव्हा यादीत नाव ट्रॉन्डेक-क्लोंडाइक असं लागलं, आधी त्यांचं, हे बरं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात, जुलै १८९७ मध्ये, सोनं घेतलेली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली आणि मग जे लोक निघाले ते एक लाखाच्या आसपास. त्यातले तीस-चाळीस हजार पोचले, बाकीचे वाटेतून परतले किंवा वाटेतच गेले. सीमेवरचे पोलीस वर्षभराचं धान्य सोबत असल्याशिवाय पुढे सोडत नव्हते, म्हणजे सामानासकट जवळपास टनभर ओझं, ते चिल्कूट खिंडीच्या बर्फावरून पाठीवर, एका माणसाने तीस-तीस चाळीस-चाळीस खेपा करून. आणि एवढं करून १८९८ ला तिथल्या डॉसन गावाला पोचले तर चांगले ओढे सगळे १८९६ च्या शरदातच वाटले गेले होते!

पण काम कसं करायचे ते बघा, कारण तिथे जमीन बारमाही गोठलेली. उन्हाळ्यात खोदलं तर वरचं वितळून खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून हिवाळ्यात खोदायचे, उणे चाळीसमध्ये. संध्याकाळी खड्ड्यात लाकडं पेटवायची, रात्रभर जळू द्यायची, सकाळपर्यंत फूटभर जमीन मऊ होते, तेवढी काढायची, राहाटाने बादली वर ओढायची, परत जाळ. असं करत कातळापर्यंत पाच-सात मीटर, मग कातळाच्या अंगाने आडवं. धुराने डोळे फुटायची वेळ. काढलेला माल ढिगाऱ्यात गोठून पडायचा, त्यात किती आहे हे नीट वसंतात बर्फ वितळून पाणी वाहायला लागल्यावरच कळायचं. मग तो लाकडी पन्हाळीत टाकायचा, तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, वरून पाणी सोडायचं, आणि सोनं पट्ट्यांमागे अडायचं. सहा महिन्यांची मजुरी एका पन्हाळीत. मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली बसून हे वाचलं तरी अंगावर काटा आला.

नवख्यांना तिथे चीचाको म्हणायचे. ओढ्यात जागा उरली नाही म्हणून काही चीचाको डोंगरावर खोदायला लागले, आणि जुने लोक म्हणाले सोनं काय डोंगर चढतं का. पण वर तोच पांढरा थर होता, जुन्या नदीचा तळ! त्या टेकडीला आजही चीचाको हिल म्हणतात. नदी वर होती ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण सगळे आजच्या नदीकडे बघत होते.

मग हातकाम संपलं आणि कंपन्या आल्या. ड्रेज नावाची तरंगती यंत्रं, स्वतःच्याच तळ्यात तरंगत पुढून बादल्यांच्या माळेने गोटे उचलायची, पोटात धुवायची आणि मागून टाकून द्यायची. १९१२ साली बांधलेलं ड्रेज नंबर चार आठ मजली उंच होतं, १९५९ पर्यंत चाललं, आजही बोनान्झाच्या काठावर उभं आहे. सॅटेलाइट नकाशावर डॉसनजवळ बघा, गोट्यांच्या वळ्याच वळ्या दिसतात, जशी प्रचंड गोगलगाय फिरून गेली. त्या भागातून आजवर एक कोटी औंसाहून जास्त सोनं निघालंय, म्हणजे तीनशे टनांच्या वर, आणि अजूनही काही कुटुंबं तिथे दर उन्हाळ्यात धुतात.

पाऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बारीक सोनं नुसत्या पाण्याने पकडता येत नाही म्हणून पारा लावायचे, कॅलिफोर्नियात १८४९ नंतर तर नद्यांमध्ये इतका गेला की तिथल्या माशांत तो आजही सापडतो. आबा पण तेच करायचे. काळ्या रेतीत पारा घालून मळायचे, फडक्यातून पिळायचे, उरलेली गोळी मुशीत टाकणखारासोबत तापवायची, पारा धूर होऊन जायचा आणि खाली सोन्याचा रवा राहायचा. घराच्या मागच्या बोळात, तोंडाला काही नाही. शेवटच्या दहा वर्षांत आबांच्या हाताला इतका कंप होता की चहा बशीत सांडायचा, आजी कप धरायची. वय झालं असंच सगळे म्हणायचे. आता वाचल्यावर कळतं की पाऱ्याच्या धुराने हात नेमके असेच थरथरतात. झारेकऱ्याचं काम अजून जिथे जिथे चालतं तिथल्या पोरांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, पारा उघड्यावर तापवू नका, घरात तर नकोच नको.

मग मी दिवाळीत घरी गेलो तेव्हा काथवट खाली काढली आणि पुतणीला घेऊन बोरीच्या पात्रात गेलो, सखाराम महाराजांच्या समाधीच्या खालच्या अंगाला, जिथे पाण्याची एक बारीक धार होती. मला माहीत होतं सोनं नाही निघणार. आपलं खान्देश म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड आणि त्यावर तापी-गिरणेचा गाळ. बसाल्टमध्ये सोनं असतं ते टनामागे काही मिलिग्रॅम, आणि ते गोळा करून शिरांमध्ये भरणारं काही इथे घडलंच नाही. पण काळी रेती आहे, भरपूर. अर्ध्या तासात तळाला तीच काळी चंद्रकोर आली. पुतणीने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवलं तर जवळपास सगळी रेती त्याला केसांसारखी उभी चिकटली, ती मॅग्नेटाइट, आपल्याच बसाल्टच्या दगडातली. ती कितीतरी वेळ तेच करत बसली.

घरी आल्यावर काथवट उन्हात वाळायला ठेवली आणि कडेच्या चिरेकडे लक्ष गेलं. शिस्टच्या फटी आठवल्या. साडीची पिन घेऊन चीर टोकापासून टोकापर्यंत खरवडली, चिमूटभर काळा भुगा निघाला, तो पांढऱ्या बशीत थेंब थेंब पाण्याने धुतला. एकच कण उरला, मोहरीच्या दशांशाएवढा, पिवळा. नखाने दाबला तर फुटला नाही, चपटा झाला. आजीला दाखवला, तिला दिसत नाही नीट, तिने बोटावर घेऊन उन्हाकडे धरला आणि म्हणाली, "तुना आबानं शे हाई."